विजयश्री आता निवांत आहेत

विजयश्रीने ओढणी कमरेला खोचली आणि तिसऱ्या मजल्यावरून अनवाणी खाली धावली. तळमजल्याच्या अलीकडे थांबून सासूबाईंचं दार बंद आहे ना ते पाहिलं आणि तशीच परत वर आली. गच्चीच्या दारापाशी, पायरीवर, आठ वर्षांची सायली बसली होती. तिने आईचं मनगट ओढून घेतलं आणि काळ्या पट्ट्यावरच्या मोहरीएवढ्या दिव्याकडे पाहिलं.

"अजून हिरवंच आहे."

"थांब, धाप तर लागू दे."

"तू उतरताना हळू उतरतेस. म्हणून होत नाही."

विजयश्री पुन्हा खाली गेली. या खेपेला वर आली तेव्हा कठड्याला धरून उभी राहिली, तोंडाला कोरड पडली होती. दिवा पिवळा झाला, मग लाल. सायली टाळ्या वाजवणार तोच आईने तिचे हात धरले. दोघी कान देऊन थांबल्या. तळमजल्याच्या खिडकीतून एक गोड बायकी आवाज वर आला, "विजयश्री यांना आधाराची गरज आहे." पाठोपाठ सासूबाई, दुर्गाबाई, कुणाला तरी सांगत होत्या, "ऐकलं का? दिस मावळला तरी पोरीच्या काळजीनं जळतीय माझी सून."

झालं. आजचा दिवस निभावला.

पट्टा रणजीतच्या कंपनीतून आला होता. रणजीत म्हणजे विजयश्रीचा नवरा, चाकणला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्यात. आजारी मुलांचे आईबाप स्वतःकडे बघत नाहीत, त्यांनाही विसावा हवा, असं कुणा साहेबाच्या मनात आलं आणि ज्या कामगाराच्या घरी असं लेकरू आहे त्याला एक पट्टा आणि फोनमध्ये एक अ‍ॅप मिळालं. नाव 'विसावा'. सायलीला लहानपणापासून मधुमेह. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे. मुलांना होतो तो, गोळ्यांनी न भागणारा. खाण्याआधी बोटाला सुई, मग पोटात इन्सुलिन, मग मापून खाणं, आणि झोपेतून उठून पुन्हा बोटाला सुई. कित्येक वर्षांत विजयश्री सलग झोपली नव्हती. त्यामुळे पट्टा आला तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं होतं. कुणाला तरी आपली आठवण झाली, एवढ्यानेच तिला रडू आलं होतं.

पट्टा नाडी मोजायचा. जीव शांत असला की हिरवा, ताणला गेला की लाल. आणि घरातल्या जवळच्या माणसाच्या फोनवर तसा निरोप जायचा, म्हणजे त्याने उठावं आणि तिच्या हातातलं काम घ्यावं. कल्पना चांगलीच होती, नावं ठेवायला जागा नव्हती. फक्त रणजीतच्या कंपनीत कामावर फोन नेऊ देत नाहीत, गेटवरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. तेव्हा जवळचं माणूस म्हणून त्याने आपल्या आईचा नंबर टाकला. आईला वाचायचा कंटाळा, म्हणून निरोप मोठ्याने बोलून दाखवायची सोय चालू केली. आणि बायकोसाठी काहीतरी केलं या समाधानात शिफ्टला निघून गेला.

त्यानंतर आठवडाभरातच सायलीला ताप आला आणि साखर चढली. दुर्गाबाईंची जाऊ केसरबाई आणि गावठाणातल्या आणखी दोघी बायका चौकशीला आल्या होत्या. खाली चहा चालला होता. वर सायलीचा नुकता डोळा लागला होता. विजयश्रीने 'विसावा'च्या अ‍ॅपमधून श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या मोनिकाने सांगितल्याप्रमाणे भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेतला. सासूबाईंच्या फोनने तेवढ्यात जाहीर केलं, "विजयश्री आता निवांत आहेत."

केसरबाईंची बशी ओठांपाशीच थांबली.

"पोर तापानं फणफणलीय," त्या म्हणाल्या, "आन् आई निवांत?"

दुर्गाबाईंना तोंड वर करायला जागा उरली नाही. मोशीत त्यांच्या घराचा रुबाब. जमिनी गेल्या तरी ही बिल्डिंग उभी राहिली, वरच्या मजल्यांवर भाडेकरू आले, आणि दुर्गाबाईंना नाव ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. आता फोनच घरात बसून नावं ठेवत होता. त्या संध्याकाळी त्यांनी सुनेला विचारलं, "कशाचा गं एवढा निवांतपणा?" विजयश्रीने समजावलं, हिरवं म्हणजे चांगलं, डॉक्टरही तसंच सांगतात. दुर्गाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. आजारी पोरीची आई लाल असायला पाहिजे, हे सांगायला त्यांना डॉक्टर लागत नव्हता.

विजयश्रीने एकदा पट्टा काढून कपाटात ठेवला. खाली फोन म्हणाला, "विजयश्री यांनी पट्टा काढला आहे." दुर्गाबाई जिना चढून वर आल्या. "काय लपवायचं हाय तुला?" एवढंच म्हणाल्या. पट्टा परत हातात चढला.

खरं तर निवांतपणाची तिची एकच जागा होती. रणजीत कंपनीच्या बसने जायचा, गाडी खाली उभी असायची. सायलीची न्याहारी झाली की विजयश्री गाडीत जाऊन बसायची, काचा वर करायची, रेडिओ लावायची. बस्, इतकंच. ना कुठे जायचं, ना कुणाशी बोलायचं. गाडीत बसलं की कुणी हाक मारली तरी ऐकू येत नसे, आणि त्यासाठीच ती तिथे जायची. पण गाडीत बसली रे बसली की खाली फोन बोलायचा, आणि मग दिवसभर सासूबाईंचं तोंड फुगलेलं. भरपाई म्हणून संध्याकाळी जिन्यातल्या फेऱ्या. नाडी कशाने वाढली हे पट्ट्याला कुठं कळतंय?

खऱ्याखुऱ्या लाल दिव्याचा मान तिला एकदाच मिळाला होता, राजगुरुनगरच्या लग्नात. इन्सुलिन देऊन झालं होतं आणि पंगत लांबली. सायली घामाने भिजली, बोलता बोलता अडखळायला लागली. विजयश्रीने पर्समधली ग्लुकोजची पूड तिच्या तोंडात घातली, मांडीवर घेऊन बसली, पोरगी सावरली. तेवढ्या वेळात फोनने पाच-सहा वेळा हाक दिली. दुर्गाबाईंनी फोनवरचा तो लाल चौकोन मांडवभर फिरवून दाखवला. सुनेचा हात हातात घेऊन सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "आईचं काळीज हाय हे." सायली आईच्या मांडीवरून बघत होती. आजी आईचा हात असा धरते, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

जिन्यातलं बिंग फोडलं केसरबाईंनी. कुरडयांसाठी गच्चीवर जागा बघायला म्हणून त्या न सांगता वर आल्या, आणि अनवाणी धावणारी विजयश्री त्यांच्या अंगावरच आदळली. सायली पायरीवरून म्हणत होती, "अजून एक, आई! पिवळं झालंय!"

दुर्गाबाई वर आल्या त्या दम न खाता बोलायलाच लागल्या.

"मला येडी बनवतीस व्हय? म्हंजी लाल बी खोटं तुजं?"

"आई, माझं ऐकून तरी घ्या."

"काय ऐकू? सकाळी गाडीत बसून गाणी ऐकायची, आन् संध्याकाळी आमाला दावाया जिन्यात उड्या मारायच्या. लेकराच्या दुखण्याचा तमाशा मांडलाय. बास झालं. रविवारी पोरीला खाली आणते. माझ्यापाशी झोपंल, माझ्यापाशी जेवंल. तू ऱ्हा निवांत."

"तिला रात्री उठून तपासावं लागतं. झोपेत साखर उतरली तर तिला हाकही मारता यायची नाही."

"चार लेकरं वाढवली मी. कुणाला सुई न्हाई टोचली."

सायलीने आईची ओढणी मुठीत धरली होती. ती मूठ दुर्गाबाई खाली जाईपर्यंत सुटली नाही. "आई, आजी मला लाडू देते आणि सांगू नको म्हणते," ती हळूच म्हणाली. हे विजयश्रीला ठाऊक होतं, पण पोरीच्या तोंडून ऐकणं वेगळं.

रणजीत घरी आला, जेवला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "आईच्या बोलण्याचं तू फार मनाला लावून घेतेस."

"त्या सायलीला खाली नेतायत, रणजीत."

"थोडे दिवस नेईल. तुलाही झोप मिळेल. तुझ्या त्या अ‍ॅपमध्येही हेच सांगतात ना? मदत घ्या म्हणून?"

"तो आवाज तरी बंद कर त्यांच्या फोनमधला."

"करतो की. रविवारी बघतो," तो म्हणाला, आणि कूस बदलून झोपला. रविवारी सायली खाली जाणार होती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. विजयश्रीला त्याच्या पाठीत बुक्की घालावीशी वाटली. ती उठली आणि सायलीच्या बोटाला सुई टोचून साखर बघून आली. सायली जागीच होती.

"लाल खरं असलं तर आजी मला नेणार नाही ना?"

"झोप बाळा."

"सांग ना."

"नाही नेणार," विजयश्री म्हणाली. काहीतरी बोलून पोरीला झोपवायचं होतं.

शनिवारी सकाळी गच्चीवर जुन्या साड्यांवर कुरडया घातल्या. बायका खाली गेल्या आणि कावळे हाकायला सायली काठी घेऊन टाकीच्या सावलीत बसली. विजयश्रीने तिथेच तिची साखर बघितली, इन्सुलिन दिलं आणि ताटली पुढे ठेवली. पोळी आणि मटकीची उसळ.

"तू जा ना गाडीत, आई. मी खाते."

"आधी खा. माझ्यासमोर."

सायलीने मोठा घास तोंडात घातला आणि गाल फुगवून दाखवला. "हे बघ. कावळे येतात म्हणून सावकाश खातेय. जा ना गं. तुझे डोळे बघ कसे झालेत."

ताटली रिकामी झाल्याशिवाय विजयश्री पोरीसमोरून कधी हलली नव्हती. घर पेटलं असतं तरी हलली नसती. पण रात्र सगळी डोळ्यांत गेली होती आणि उद्या रविवार होता. आपल्याला हे सांगणारं, जा म्हणणारं जगात एकच माणूस आहे आणि ते आठ वर्षांचं आहे, असं तिच्या मनात आलं. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून ती खाली उतरली.

गाडीत बसून काच वर करेपर्यंत खिडकीतून आवाज आलाच, "विजयश्री आता निवांत आहेत."

"ऱ्हा, ऱ्हा," आतून दुर्गाबाई म्हणाल्या. "उद्यापासनं तर रोजच निवांत ऱ्हा."

रेडिओवर कसलंसं जुनं गाणं लागलं होतं. वर गच्चीवर काहीतरी हललेलं दिसलं तशी विजयश्रीने काच थोडी खाली केली. सायली कठड्यावरून वाकून हात हलवत होती.

"बस अजून! मी खातेय!"

विजयश्रीनेही हात हलवला. काच वर केली. गाणं संपायच्या आत तिचा डोळा लागला. दिवसाउजेडी, बसल्या जागी, कित्येक वर्षांनी.

ती जागी झाली ती कावळ्यांच्या कलकलाटाने. बंद काचेतूनही ऐकू येत होता. तिने वर पाहिलं. कठड्यावर कावळ्यांची रांग बसली होती, आणि एक तर चोचीत ओली कुरडई लोंबकळवत उडाला. काठी आपटल्याचा आवाज कुठेच नव्हता.

जिना ती कशी चढली हे तिला कधीच आठवलं नाही.

सायली टाकीला टेकून कलंडली होती. फ्रॉक घामाने अंगाला चिकटला होता, डोळे अर्धवट उघडे आणि त्यांत ओळख नाही. एक पाय मधूनच झटके देत होता. ताटली शेजारी स्वच्छ रिकामी. विजयश्रीने ग्लुकोजची पूड बोटाने तिच्या हिरड्यांना चोळली, गालाच्या आत भरली, नावाने हाका मारल्या. खाली तो गोड आवाज एकसारखा आधार मागत सुटला होता. मग तिने पोरीला खांद्यावर टाकलं आणि उतरली. दुर्गाबाई दारात उभ्या होत्या, त्या पिशवी उचलून तशाच मागोमाग गाडीत बसल्या. मागच्या सीटवर त्यांच्या मांडीत सायलीला देऊन विजयश्रीने गाडी सुरू केली तेव्हा रेडिओ चालूच होता. चिंचवडच्या दवाखान्यापर्यंत दुर्गाबाईंच्या पिशवीतला फोन बोलत राहिला आणि तो गप्प करायचं त्या दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

शिरेतून ग्लुकोज गेलं, झटके थांबले, रंग परत आला. "वाचली," डॉक्टर म्हणाले. मग विजयश्रीकडे वळून त्यांनी विचारलं, "इन्सुलिन दिल्यावर खायला दिलं नव्हतं का?"

"दिलं होतं. ताटली रिकामी होती."

"तुम्ही समोर होतात?"

विजयश्रीने मान खाली घातली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, त्या नजरेत काय होतं ते तिला बरोबर कळलं. तेवढ्यात दुर्गाबाई मध्ये आल्या.

"डाक्टर, तिला काय बोलू नका. ह्ये बघा. मघापासनं लालच हाय. खरं लाल हाय, जिन्यातलं न्हाई."

डॉक्टर काही न समजून त्या फोनकडे बघत राहिले आणि दुसऱ्या पेशंटकडे निघून गेले. दुर्गाबाईंनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे खरोखरच भरले होते.

"चुकलं माझं, पोरी. न्हाई नेत मी तिला खाली. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. आईचं काळीज ते आईचंच." आणि त्या पदराने डोळे पुसत केसरबाईंना फोन करायला बाहेर गेल्या. हे पहिलं केसरबाईंना कळायला हवं होतं.

विजयश्री स्टुलावर बसली. सासूच्या त्या हाताने तिला बरं वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची शरमही वाटत होती. सायलीने डोळे उघडले. आधी दाराकडे पाहिलं.

"आजी मला नेणार?"

"नाही. आता नाही नेणार म्हणाली."

सायलीने मान हलवली, गणित सुटल्यासारखी. मग म्हणाली, "आई, माझी पोळी टाकीच्या मागे आहे. उसळ कावळ्यांना टाकली. घरी गेलीस की काढ ती, नाहीतर मुंग्या लागतील."

विजयश्री तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. हात तिथेच राहिला.

"तू खाल्लं नाहीस?"

"एकच घास. लग्नात झालं होतं तसं करायचं होतं मला." सायलीचा आवाज अजून जड होता. "पण मग खूप भीती वाटली. मी तुला हाका मारल्या. तुझी काच बंद होती."

विजयश्रीच्या तोंडून एक आवाज निघाला, तो रडण्याचाही नव्हता. तिने दोन्ही हातांनी पोरीचा हात धरला, सुई टोचलेला, पट्टी लावलेला, आणि ओठांवर दाबला. बाहेर व्हरांड्यात दुर्गाबाई केसरबाईंना सांगत होत्या, "थांब, तुला ऐकवते," आणि मग तोच आवाज, मोठा करून लावलेला, सगळ्या वॉर्डभर घुमला.

सायलीने आईचं मनगट आपल्याकडे वळवून घेतलं, दिवा पाहिला आणि तिचा चेहरा निवळला.

"घाबरू नकोस, आई," ती म्हणाली. "परत हिरवं झालं की मला सांग."